फिल्मी मासिकाच्या कव्हरचं डिझाइन वाचताय? या चुका टाळा

मास मीडियाच्या किंवा अप्लाइड आर्टच्या मुलांना हा प्रोजेक्ट हमखास मिळतो, एखाद्या जुन्या फिल्मी मासिकाचं कव्हर घ्या आणि त्याचं डिझाइन उलगडून दाखवा. आणि बहुतेक जण लिहून टाकतात हिरोइनबद्दल. तिचा कुठला पिक्चर गाजत होता, लग्न कधी झालं वगैरे, आणि कव्हर राहतं बाजूलाच! यावर एक साधा उपाय आहे, पहिला परिच्छेद नटीचं नाव न घेता लिहा. चेहऱ्याने किती जागा घेतलीये, नजर आपल्याकडे आहे की बाहेर कुठेतरी, मोकळी जागा कुठे सोडलीये, डोकं मासिकाच्या नावावर चढलंय की खाली आहे. नावाची दोन अक्षरं केसांमागे झाकली गेली तरी चालतील असं संपादकाला वाटतं तेव्हा त्याला खात्री असते की उरलेल्या अक्षरांवरून लोक मासिक ओळखणारच.

आता रंग. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जुनं कव्हर निळसर हिरवट दिसतं आणि लगेच लिहिलं जातं की 'थंड रंगातून उदासी व्यक्त होते'. अहो, ती उदासी नाही, ते ऊन आहे! चार रंगांच्या छपाईत पिवळी आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) शाई सहसा आधी उडते, निळी आणि काळी जास्त टिकते, म्हणून वर्षानुवर्षं उजेडात राहिलेलं कव्हर निळं पडत जातं, गाल फिके होतात, ओठांचा लाल जातो. शंका आली तर कव्हरचा झाकलेला भाग बघा, दुसऱ्या अंकाखाली दबलेली कड किंवा दुमडलेला कोपरा, तिथे मूळ रंग बऱ्यापैकी टिकलेला असतो. आणि भिंग घेऊन बघाच. फोटोच्या जागी बारीक बारीक ठिपके दिसतील, आणि ओठांच्या कडेला लाल रेषा जरा बाहेर सरकलेली दिसली तर ते छपाईत रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक छापलेल्या रंगांची जुळणी, हललंय, त्यात डिझायनरचा काही हेतू शोधू नका. स्कॅनवर जाळीसारखे पट्टे येत असतील तर तेही याच ठिपक्यांमुळे, स्कॅनरचं डीस्क्रीन सेटिंग (ठिपके पुसट करणारं) चालू करून परत स्कॅन करा.

फोटो आहे की पेंटिंग हे आधी ठरवा. बाबूराव पटेलांच्या फिल्मइंडियाची (हे मासिक 1935 साली सुरू झालं) किती तरी कव्हरं रंगवलेली आहेत, एस. एम. पंडितांसारख्या ताकदीच्या चित्रकाराने. अशा कव्हरबद्दल 'लाइट डाव्या बाजूने मारलाय, बॅकग्राउंड आउट ऑफ फोकस आहे' असं लिहिलं तर सगळंच फसतं, कारण तिथे त्वचेवरची ती झळाळी ब्रशने आणलेली आहे, कुठे चमक ठेवायची आणि कुठे सावली हे चित्रकाराने ठरवलंय. कोपऱ्यात सही आहे का बघा. फोटो असेल तर आत फोटोग्राफरचं नाव शोधा. गौतम राजाध्यक्षांनी काढलेला चेहरा आणि दुसऱ्या कुणी काढलेला चेहरा यात फरक असतो, आणि ते नुसते फोटोग्राफर नव्हते, आपल्या 'चंदेरी' या मराठी फिल्मी मासिकाचे संपादकही होते, जाहिरातीच्या धंद्यातून आलेले, त्यामुळे फ्रेम कशी भरायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकच कव्हर घेऊन निष्कर्ष काढू नका, हे तर मला फारच महत्त्वाचं वाटतं. लाल म्हणजे प्रेम, काळा म्हणजे गूढ, असली कोष्टकं कामाची नाहीत. त्याच मासिकाचे आधीचे नंतरचे पाच-सहा अंक शेजारी मांडा, काय कायम आहे आणि काय बदललंय ते आपोआप दिसतं. मग दुसरं मासिक ठेवा. फिल्मफेअर 1952 मध्ये निघालं, त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या कव्हरवर चेहरा, नाव, तारीख, किंमत, बाकी फार काही नाही. स्टारडस्ट आलं 1971 मध्ये, पहिल्याच अंकावर राजेश खन्ना आणि त्याच्या गुपचूप लग्नाची कुजबुज. म्हणजे आता शब्दच गिऱ्हाईक ओढणार, फोटोला त्यांच्यासाठी जागा करून द्यावी लागणार. हा बदल एकट्या कव्हरवरून कधीच कळला नसता.

मोबाइलवर पूर्ण कव्हर दिसतं, स्टॉलवर तसं दिसत नसे. पेपरवाला अंक एकावर एक चढवून लावतो नाहीतर दोरीवर टांगतो, म्हणजे दिसणार वरची पट्टी किंवा एखादी कड. तेवढंच उघडं ठेवून बाकी कागदाने झाका आणि सांगा, मासिक ओळखू येतंय का?

मागचं कव्हरही सोडू नका. लक्सच्या जाहिरातीत आपल्या लीला चिटणीस 1941 मध्येच झळकल्या होत्या, त्यानंतर तर साबणाच्या जाहिरातीतला नटीचा चेहरा आणि मासिकाच्या कव्हरवरचा चेहरा यांची ठेवण इतकी सारखी होत गेली की दोन्ही शेजारी ठेवून बघायलाच हवेत. फक्त लायब्ररीतल्या बांधीव खंडात शोधायला जाल तर अडचण येईल, बाइंडिंग करताना कव्हरं आणि जाहिरातीची पानं बरेचदा काढून टाकलेली असतात. तेव्हा सुटे अंक कुठे आहेत ते विचारा, पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या लायब्ररीत चौकशी करा, रद्दीवाल्यांकडे बघा, आणि फिल्मइंडियाचे बरेच अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट चाळता येतात, तिथे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघा.