चतुर्दशीची भरती आणि उसाचं पाचट

कोल्हापूरच्या पोरानं खाडीवर प्रोजेक्ट घेतलं की पहिला प्रश्न घरातूनच येतो, "आपल्याकडं खाडी हाय कुठं?" नाहीच. आमची पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. तरीही झूलॉजीच्या एम.एस्सी.ला खाडीत कोण काय खातं, म्हणजे तिथलं अन्नजाळं, बघायला मी सिंधुदुर्गातल्या आचऱ्याकडची खाडी निवडली, निम्मी हौसेनं आणि निम्मी माशांपायी. आता ज्युनिअर विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या खेपेला पहाटे निघून गगनबावड्याचा घाट उतरलो आणि साडेदहाला खाडीवर पोचलो. चाळण, बादल्या, बरण्या, सगळं होतं. चिखल तेवढा नव्हता. सगळीकडं पाणी. काठावर जाळं निवडत बसलेल्या काकी हसून म्हणाल्या, "आता चिखल खंय गावतलो? भरती इली मा!" मग त्यांनीच हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. त्या दिवशी चतुर्दशी होती, म्हणजे चौदाची पाऊणपट साडेदहा. ओहोटी साधारण सहा तासांनी, म्हणून साडेचारपर्यंत बसून राहिलो आणि परतताना घाटात अंधार झाला. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. रुंद चिखल हवा असेल तर अमावस्या-पौर्णिमेचं उधाण गाठायचं, पण ओहोटीच्या वेळेला.

अन्नजाळ्याचं चित्र आधी काढत बसू नका. आधी एक बोय (खाडीतला मासा) फाडून बघा. मी फाडली तेव्हा जठराची भिंत कोंबडीच्या पेट्यासारखी जाड निघाली आणि आत करडा चिखल. स्लाइडवर घेतल्यावर त्यात वाळू, डायटम (सूक्ष्म शेवाळ) आणि कुजलेल्या पानांचा भुगा दिसला. आता ह्या माशाला अन्नसाखळीच्या कुठल्या पायरीवर बसवणार? पहिली पायरी वनस्पतींची. डायटम खाल्ले म्हणून दुसऱ्या? भुग्यावरचे जिवाणू आणि बारीक किडेही पोटात गेलेत, त्याचं काय? 'गवत-टोळ-बेडूक-साप' ही शाळेतली साखळी इथं तुटते.

खाडीकाठच्या कांदळाचं, म्हणजे खारफुटीचं, पान हिरवं असताना खाणारे थोडेच. खरं जेवण पान पडल्यावर सुरू होतं. हे मला पुस्तकापेक्षा आमच्या फडात जास्त समजलं. आबा पाचट जाळत नाहीत, सरीत पसरून वर युरिया टाकतात. पाचटात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, त्यामुळं नुसतं कुजायला वेळ लागतो. खाडीत युरिया टाकायला कोणी नाही, पण पानावर बसलेल्या बुरशी आणि जिवाणू पाण्यातला नायट्रोजन ओढून घेतात आणि चोथ्याचं अन्न होतं. खेकडा, कोळंबी तो चोथा गिळून वरचे जीव पचवतात. उरलेला विष्ठेतून बाहेर पडला की त्यावर पुन्हा जिवाणू बसतात.

एका पायरीवरून पुढच्या पायरीवर किती ऊर्जा जाते, हा हिशेब लिंडमन या अमेरिकन संशोधकानं १९४२ साली मिनेसोटातल्या एका तळ्याच्या अभ्यासातून मांडला. आपण त्याचा 'दहा टक्के' करून टाकला. प्रत्यक्षात एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाणारा वाटा पाचापासून वीस टक्क्यांपर्यंत हलतो. खाडीत शिवाय भरती फुकटात राबते. कालवं खडकाला चिकटून बसलेली असतात, अन्न दिवसातून दोनदा त्यांच्या दारात येतं.

तरी अन्नजाळ्याच्या चित्रात कांदळाचा बाण फार जाड काढू नका. १९७०च्या दशकात फ्लोरिडातल्या ओडम-हील्ड या संशोधक जोडीनं कुजक्या पानांना अन्नजाळ्याचा पाया ठरवलं. पुढं कार्बनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजल्यावर बऱ्याच ठिकाणी माशांच्या अंगातला कार्बन पानांपेक्षा चिखलावरच्या शेवाळाचा आणि प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) जास्त निघाला. जड कार्बन किती ते सांगणारा कांदळाच्या पानाचा आकडा (दर हजारी) साधारण उणे २८, समुद्री प्लवकांचा उणे २१च्या आसपास. जड नायट्रोजनचा तसाच आकडा दर पायरीला साधारण ३.४नं वाढतो, त्यावरून पायरी कळते.

इथंच माझा मोठा गाढवपणा झाला. समस्थानिकांसाठी ठेवलेले नमुने मी सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये बुडवले. फॉर्मॅलिनमध्ये स्वतःचा कार्बन असतो, त्यानं आकडे सरकतात. अख्खा हंगाम वाया. ते नमुने बर्फात आणायचे आणि ओव्हनमध्ये सुकवायचे. फॉर्मॅलिन फक्त चाळणीत राहिलेल्या किड्यांसाठी, आणि चाळण अर्ध्या मिलिमीटरची.

कांदळवनात पाऊल टाकण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या, त्याला वेळ लागतो. पुढं शिकायचं तर रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोन्ही आपल्यापासून लांब नाहीत. अर्ज करण्याआधी स्टॅटिस्टिक्स पक्कं करा, मुलाखतीत तिथंच दांडी गुल होते.

आणि बोय घेताना दोन घ्या. फाडलेली परत तव्यावर जात नाही.