बर्फाचा तापमान-काल आलेख कसा काढावा आणि कसा वाचावा

बर्फाला एकसारखी उष्णता देत राहिले तरी त्याचे तापमान एकसारखे वाढत नाही, हे एकदा स्वतः तापमापीवर पाहिले की अवस्थांतर (बर्फाचे पाणी, पाण्याची वाफ होणे) म्हणजे काय ते नीट उमगते.

चंचुपात्रात सुमारे १०० ग्रॅम बारीक फोडलेला बर्फ घ्यावा, कारण मोठे खडे घेतल्यास भोवतीचे पाणी तापू लागते आणि खडा मात्र तसाच राहतो. तापमापी स्टँडला अशा उंचीवर अडकवावी की तिचा फुगा बर्फात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही. तळाला टेकलेली तापमापी पाण्याचे नव्हे तर तापलेल्या काचेचे तापमान दाखवते आणि पुढच्या सगळ्या नोंदी वाया जातात. ज्योत मंद ठेवावी, काचकांडीने हलकेच ढवळावे आणि दर अर्ध्या मिनिटाला नोंद करावी. पाणी उकळू लागल्यावर आणखी पाच-सहा मिनिटे नोंदी घेऊन थांबावे. पात्र कोरडे पडू देऊ नये, ते तडकते.

आता क्ष-अक्षावर वेळ आणि य-अक्षावर तापमान घेऊन बिंदू जोडावेत. ०° सेल्सिअसपाशी एक आडवा भाग, मग चढ, आणि १००° च्या आसपास दुसरा आडवा भाग दिसेल. समुद्रसपाटीपासून उंचावर हवेचा दाब कमी असल्याने हा दुसरा भाग १००° च्या खाली येतो, ती चूक समजू नये. कोपरेही थोडे गोलसर येतात. ते पट्टीने टोकदार करणे म्हणजे निरीक्षण खोडून पुस्तकातली आकृती उतरवणे होय.

आलेखाचा खरा अर्थ आडव्या भागांत आहे. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे, आणि या काळात दिलेली उष्णता गती वाढवण्याऐवजी रेणूंमधील ओढ सैल करण्यात खर्च होते. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील ओढीने, बांधलेला असतो. वितळताना ही जाळी विस्कटते, पण रेणू जवळजवळच राहतात, आणि उकळताना मात्र ते एकमेकांपासून पार सुटतात. म्हणूनच एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल पुरतात, तेच पाणी ०° पासून १००° पर्यंत तापवायला सुमारे ४१८ लागतात, तर त्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २,२५७ ज्यूल लागतात. या साऱ्यात रेणूच्या आतील सहसंयुज बंध, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू जोडून ठेवणारे बंध, तुटत नाहीत. उत्तरपत्रिकांत ‘उकळताना पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात’ असे हमखास लिहिलेले आढळते, ते चूक आहे.

आडव्या भागाची उंची रेणूंमधील ओढीचा अंदाज देते. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड, तरीही त्याच्यात हायड्रोजन बंधांची पकड जवळजवळ नसल्यामुळे तो सुमारे −६०° लाच उकळतो.