फायटोक्रोमचा बँड दिसत नाही? अँटिबॉडी बदलण्याआधी या चुका टाळा

अंधारात वाढवलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या रोपांचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने हवं ते शोधण्याची चाचणी) केला आणि प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोम ए या प्रथिनाचा बँड, म्हणजे पट्टाच आला नाही, की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो. नवी मागवली जाते, पैसे आणि आठवडे खर्ची पडतात. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा त्याआधीच, रोपं गोळा करताना झालेली असते.

फायटोक्रोम ए अंधारात साठतं. लाल प्रकाश पडला की ते सक्रिय होतं आणि काही तासांत पेशीच त्याचा फडशा पाडते. फायटोक्रोमला जोडलं जाणारं पिफ-३ हे प्रथिन तर त्याहून हळवं. लाल प्रकाशात ते काही मिनिटांतच घटू लागतं. त्यामुळे अंधाऱ्या खोलीचं दार किंचित उघडं राहणं किंवा मोबाइलचा स्क्रीन लागणंही महागात पडतं. हिरवा दिवा सुरक्षित असतो, हा समजही अर्धाच खरा. फायटोक्रोम हिरवा प्रकाशही थोडा शोषतं. दिवा अगदी मंद ठेवा, हात भरभर चालवा आणि रोपं थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका.

गोठवलेला नमुना थंड बफरमध्ये निवांत वितळू देणं ही दुसरी मोठी चूक. तेवढ्यात प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, आपलं काम उरकतात. ओटच्या फायटोक्रोमचा इतिहास याचीच साक्ष देतो: आधी ६० किलोडाल्टनचा (प्रथिनाच्या वजनाचं एकक) तुकडा, मग १२० च्या आसपासचा रेणू खरा मानला गेला. प्रोटिएजना रोखल्यावर १९८२ मध्ये पूर्ण १२४ किलोडाल्टनचं प्रथिन हाती आलं. फक्त ब्लॉटच करायचा असेल, तर रोपांच्या गोठलेल्या भुकटीवर सरळ उकळतं एसडीएस बफर (प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटचं द्रावण) ओता.

फायए-२११ या, फायटोक्रोम ए नसलेल्या म्यूटंटचा नमुना प्रत्येक जेलवर हवाच. त्यातही तोच बँड आला, तर तो फायटोक्रोम ए चा नाही. शक्य असेल तर मेम्ब्रेन (जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवतात तो पडदा) कापून खालच्या भागावर एचवाय-५ हे लहान प्रथिन पाहा. ते अंधारात घटतं आणि प्रकाशात वाढतं, म्हणजे नेमकं उलटं. दोन्ही बँड एकदम उलटे आले, तर नळ्यांवरची लेबलं तपासा! कापताना मात्र जपून, कारण एचवाय-५ त्याच्या वजनाच्या हिशेबापेक्षा वर दिसतं.

लोडिंगसाठी, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलंय का हे पाहायला, रुबिस्को या पानांतल्या मुबलक प्रथिनावर विसंबू नका. प्रकाशात तेच भरमसाट वाढतं. ट्युब्युलिन हे पेशीच्या सांगाड्याचं प्रथिनही रुबिस्कोच्या ५५ किलोडाल्टनच्या जाड पट्ट्याला खेटून असतं, म्हणून हिरव्या रोपांच्या लेनमध्ये त्याचा बँड वाकडा येतो. मी अ‍ॅक्टिन हे सांगाड्याचं दुसरं प्रथिन वापरते.

आणि पिफ-३ च्या बँडच्या वर धूसर शेपूट दिसली, तर तिला कचरा समजून चित्रातून कापू नका. लाल प्रकाशानंतर फॉस्फेट चिकटलेलं पिफ-३ असंच वर सरकतं. नमुन्याचा एक भाग फॉस्फेटेजसोबत (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) ठेवून पुन्हा चालवा: शेपूट खाली आली, तर ती खरी.