पहिलं मिनिट पकडायचं तर: नागपूरजवळ गॅमा-किरण स्फोटांसाठी रोबोटिक दुर्बीण

गॅमा-किरणांचा स्फोट, म्हणजे दूरच्या विश्वातून अचानक येणारा गॅमा-किरणांचा झोत, काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आटोपतो. जमिनीवरून टिपायची असते ती त्याच्यामागे उरणारी दृश्य प्रकाशातली चमक, म्हणजे आफ्टरग्लो. ती ढोबळमानाने काळाच्या व्यस्त प्रमाणात ओसरते. पहिल्या मिनिटाचा प्रकाश दहाव्या मिनिटाला दशांश उरतो, म्हणजे अडीच प्रतींनी मंद (प्रत म्हणजे तेजस्वीपणा मोजायचं माप; आकडा मोठा तितका ठिपका मंद). त्यामुळे मिनिटभरात वळलेली ८ इंची दुर्बीण दहा मिनिटांनी पोचलेल्या २५ इंचीच्या तोडीची ठरते. पैसा आरशापेक्षा चपळ माउंटवर (दुर्बीण वळवणाऱ्या यांत्रिक बैठकीवर) आणि आपोआप सरकणाऱ्या छपरावर घाला.

नागपूरचा झगमगाट टाळायला पेंचची दिशा बरी. २०२४ मध्ये तिथला व्याघ्रप्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. पण जागा ठरवताना काळोखाइतकंच भरवशाचं इंटरनेट बघा. उपग्रहाने स्फोट हेरल्याचा निरोपच उशिरा आला तर काळोखाचा काय उपयोग?

८ इंची एफ/४ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि एपीएस-सी आकाराचा सीमॉस कॅमेरा घेतल्यास सुमारे १०० बाय ६७ आर्कमिनिटांचं क्षेत्र दिसतं (६० आर्कमिनिटं म्हणजे एक अंश). स्फोट हेरणाऱ्या स्विफ्ट उपग्रहाच्या बॅट उपकरणाची स्थानातली चूक तीनेक आर्कमिनिटांची, ती यात आरामात मावते. फर्मी उपग्रहाच्या जीबीएम उपकरणाची चूक मात्र बरेचदा कित्येक अंशांची असते. त्यामागे ही दुर्बीण पळवू नका.

सूचना नासाच्या जीसीएन या सूचना-जाळ्यावरून काफ्का या संदेश पोचवणाऱ्या प्रणालीमार्फत येतात. पायथन या संगणकभाषेतून त्या सहज वाचता येतात. मग चाळणी लावा: चाचणीची सूचना बाद, सूर्य क्षितिजाखाली १२ अंश उतरलेला नसेल तर बाद, लक्ष्य क्षितिजापासून २५ अंशांहून कमी उंचीवर असेल तर बाद. 'हा स्फोट नव्हे' असा सुधारित निरोप आला की निरीक्षण थांबलं पाहिजे. सुधारित स्थान आलं तर चालू एक्स्पोजर संपताच दुर्बीण सरकवा. लक्ष्य याम्योत्तर वृत्ताच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) जरासं पूर्वेला असेल तर ते वृत्त ओलांडताना जर्मन पद्धतीचा माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला घ्यायला मध्येच पालथा होतो आणि नेमका मोलाचा वेळ जातो. सोसत असेल तर वृत्त ओलांडूनही थोडा वेळ तसंच चालू द्या.

पहिली दहा मिनिटं फिल्टरविना १० सेकंदांची चित्रं, मग तासाभरापर्यंत ६० सेकंदांची, त्यापुढे १८० सेकंदांची. छोटी चित्रं नंतर एकत्र रचता येतात. लांब चित्रातला वेळ परत वेगळा काढता येत नाही. प्रत्येक चित्रात दुर्बीण किंचित सरकवा, नाहीतर तापलेला पिक्सेलच आफ्टरग्लो म्हणून मिरवेल. संगणकाचं घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरच्या अचूक वेळेशी) जुळवा आणि नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत करा. साडेपाच तासांचा घोळ फार सहज होतो.

खरी परीक्षा वैशाखात. रात्रीही हवा ३० अंशांवर असली तर थंड करता येणाऱ्या कॅमेऱ्याला उणे १० अंश झेपत नाही, तापमान डोलत राहतं. तेव्हा शून्यावर ठेवा आणि डार्क फ्रेमही (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला झाकण लावून घेतलेली चित्रं) शून्याच्याच वापरा. नळी निवत असताना फोकस हलतो, म्हणून अंधार पडल्यावर आणि पुढे दर दोन-तीन अंशांच्या फरकाला तो पुन्हा लावा. वळवाचा पाऊस संगणकाला विचारून येत नाही: पर्जन्य सेन्सर थेट छपराच्या मोटरला जोडा, दुर्बीण छपराच्या वाटेत येणार नाही इतकी भिंत उंच ठेवा आणि मोटरला इन्व्हर्टर द्या. जून ते सप्टेंबर दुकान बंदच धरा.

चित्राची प्लेट सॉल्व्ह झाली (ताऱ्यांवरून चित्राचं आकाशातलं नेमकं स्थान ठरलं) की पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रांशी ताडून बघा. नवा ठिपका दिसला तर आधी लघुग्रह नाही ना, हे तपासा; मग तो मंदावतोय का ते पाहा. काहीच सापडलं नाही तर किती प्रतीपर्यंत काही दिसलं नाही, ती मर्यादा वेळेसह जीसीएन सर्क्युलरवर (निरीक्षकांनी एकमेकांना कळवायच्या पत्रकांत) टाका. धुळीआड दडलेले किंवा अतिदूरचे स्फोट ओळखायला तीही कामी येते.