ब्लॉग अपडेट करताना साइट बंद पडू नये म्हणून

चालू नोडजेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) ब्लॉगच्या फोल्डरमध्येच ‘एनपीएम सीआय’ ही पॅकेजेस इन्स्टॉल करणारी कमांड चालवली, की ती आधी त्या पॅकेजेसचं अख्खं नोड-मॉड्यूल्स फोल्डर पुसते. इन्स्टॉल मध्येच अडकलं, तर जुनंही गेलं आणि नवंही आलं नाही.

१. दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करा. इन्स्टॉल, बिल्ड सगळं तिथेच. तोवर वाचकांना जुनी साइट दिसत राहते.

२. डेटाबेसची कॉपी देऊन नवी आवृत्ती वेगळ्या पोर्टवर (सर्व्हरच्या पत्त्यापुढचा नंबर), समजा ३००१ वर, चालवा. एखादा फोटो असलेला लेख उघडून बघाच.

३. ‘करंट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) नव्या फोल्डरकडे वळवा आणि सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेची, ब्लॉगची सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्ट हवाच: नोड सुरू होताना लिंकमागचा खरा पत्ता धरतो, त्यामुळे नुसती लिंक बदलून जुनाच कोड चालू राहतो.

बिघडलं तर लिंक परत जुन्या फोल्डरकडे, पुन्हा रीस्टार्ट. मागची दोन-तीन फोल्डरं त्यासाठी राहू द्या.

खबरदारी एकच, पण मोठी: एसक्यूलाइटची फाइल (ज्यात लेखांचा डेटाबेस असतो) आणि अपलोड केलेले फोटो या फोल्डरांच्या बाहेर ठेवा. नाहीतर जुनं फोल्डर साफ करताना लेखही त्याबरोबर जातील.