माकडतापाचा नकाशा करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिला ठिपका टाकतानाच होते. नोंदवहीत रुग्णाचा पत्ता असतो, म्हणून ठिपका त्याच्या घरावर पडतो. पण माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हा विषाणूजन्य ताप) पसरवणारी गोचीड रानाच्या कडेला, काजूच्या बागेत, पालापाचोळ्यात असते. ती चावल्यावर ताप यायला साधारण ३ ते ८ दिवस लागतात. म्हणून त्या आठवड्यात सरपणाला, बागेत, गुरांमागे कुठे कुठे जाणं झालं, हे विचारा आणि ती जागा नोंदवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडच्या बागेत काजू गोळा करणारा मजूर आजारी होऊन गावी परतला, तर पत्त्यावरून तो भलत्याच जिल्ह्यात दिसेल. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. ज्या पंपाच्या पाण्यातून साथ पसरली, त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी ती मुद्दाम मागवून पीत असे. साथीचा माग काढणारे डॉक्टर जॉन स्नो यांना हे तिच्या मुलाकडून कळलं, नकाशावरून कळलं नसतं.

दुसरी चूक रिकाम्या जागेची. ठिपका नाही म्हणजे रोग नाही, असं धरू नका. तिथे कुणाचं रक्त तपासलंच नसेल. तपासणी होऊन निगेटिव्ह आलेली गावं वेगळ्या रंगात दाखवा. या रोगाने माकडंही मरतात, आणि मेलेल्या माकडांच्या नोंदीचंही तेच. रस्त्याकडेचं माकड कळवलं जातं, आत रानात मेलेलं कुणाच्या नजरेलाही पडत नाही. त्यामुळे नकाशावर रस्तेच धोकादायक दिसू लागतात.

उपग्रहाच्या चित्रात दाट काजूबाग आणि जंगल दोन्ही हिरवंच दिसतं. निदान काही ठिकाणी पायी जाऊन खात्री करा. गावांची तुलना रुग्णसंख्येवर करू नका, लोकसंख्येच्या प्रमाणात करा. डिसेंबर ते मे हा हंगाम महिन्यांनुसार वेगळा पाहा.

ठिपके नकाशावरून गायब झाले, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल तपासा. दोडामार्गचे १५.७ आणि ७४.१ उलटे भरले, की ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो! ठिपक्याभोवती काढलेलं २ किलोमीटरचं वर्तुळ (बफर) अख्खं कोकण व्यापत असेल, तर क्यूजीआयएसने (नकाशाच्या सॉफ्टवेअरने) ते २ अंश धरलेत, म्हणजे सुमारे २२० किलोमीटर. ठिपक्यांचा थर (लेयर) आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या.

आणि नकाशा बाहेर देताना रुग्णाचं घर ओळखू येईल असा ठिपका ठेवू नका. गावाच्या पातळीवर रंग भरा. लहान वाडीत एका ठिपक्यावरून आख्ख्या कुटुंबाशी लोकांचं वागणं बदलतं, आणि मग पुढचा रुग्ण ताप लपवतो.