जुन्या दस्तऐवज प्रणालीतून नव्या प्रणालीत फायली हलवताना या चुका टाळा

मायग्रेशन, म्हणजे फायलींचे स्थलांतर, पूर्ण झाल्याचा अहवाल बहुतेक वेळा एका ओळीत येतो: जुन्या प्रणालीत जितक्या फायली होत्या, तितक्याच नव्या प्रणालीत आल्या. हा आकडा जुळला की काम संपले असे मानणे ही मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक आहे. शून्य बाइटची फाइलही मोजणीत एक धरली जाते आणि अर्धवट उतरलेली फाइलही एकच धरली जाते. म्हणून मी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा संकेतांक) स्थलांतरापूर्वी काढून ठेवतो आणि नंतर नव्या प्रणालीतून फाइल परत उतरवून तो पुन्हा काढतो. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटसारख्या काही दस्तऐवज प्रणाली वर्ड आणि एक्सेलच्या फायलींमध्ये स्वतःची माहिती लिहितात, त्यामुळे तेथे हॅश जुळत नाही; अशा फायलींचा वेगळा गट करून त्यांतील नमुने मी उघडून पाहतो. याला वेळ लागतो, आणि तो वेळ वेळापत्रकात आधीच धरलेला असावा असा माझा आग्रह असतो.

परंतु फाइल बाइट न् बाइट जशीच्या तशी आली, तरी दस्तऐवज आला असे होत नाही. अनेक जुन्या प्रणालींमध्ये डिस्कवरील फाइलचे नाव केवळ एक अंतर्गत क्रमांक असते. विषय, दिनांक, संदर्भ क्रमांक, आवृत्ती ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते. फोल्डर उचलून नव्या जागी ठेवणाऱ्याच्या हाती नावगाव नसलेल्या फायलींचा ढीग येतो. त्यामुळे ही माहिती सूची म्हणून सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) काढावी लागते, आणि नेमकी येथेच घाई नडते.

एका कामात अशी सूची एका नवख्या सहकाऱ्याने ‘फक्त पाहण्यासाठी’ दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, दोन कॉलमची नावे दुरुस्त केली आणि ती एक्सेलच्याच स्वरूपात जतन करून पुढे पाठवली. ‘०००४५७’ हा संदर्भ क्रमांक ४५७ झाला होता आणि ‘१२ई५’ सारखा, मध्ये इंग्रजी अक्षर असलेला संकेतांक, एक्सेलने ते अक्षर दहाच्या घाताचे चिन्ह समजल्याने, बारा लाख ही संख्या होऊन बसला होता. हे दोष चटकन दिसले, कारण त्या क्रमांकांनी शोधल्यावर काहीच सापडेना. खरे नुकसान दिनांकांत होते. त्या संगणकावर महिना आधी लिहिण्याची पद्धत निवडलेली असल्याने ०३/०७/२०११ म्हणजे ३ जुलै हा दिनांक ७ मार्च झाला. २५/०७/२०११ मात्र, पंचविसावा महिना नसल्यामुळे, साधा मजकूर म्हणून तसाच राहिला आणि पुढे बरोबर वाचला गेला. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी अकरा दिवसांचे दस्तऐवज चुकीच्या दिनांकाने नोंदले गेले आणि उरलेले अचूक राहिले. नमुना म्हणून तपासलेले दस्तऐवज योगायोगाने महिनाअखेरचे निघाले, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात आला नाही. पुढे जतन-कालावधी (दस्तऐवज जपून ठेवण्याची ठरलेली मुदत) संपलेल्यांची यादी काढली, तेव्हा मुदत न संपलेले कागद तिच्यात दिसू लागले आणि पूर्ण सूची पुन्हा भरावी लागली. मूळ सीएसव्ही शाबूत होती, म्हणूनच ते शक्य झाले.

तेव्हापासून सूची हाती आली की मी प्रथम ती केवळ-वाचनीय करतो, तिची प्रत वेगळ्या जागी ठेवतो आणि नोटपॅडसारख्या मजकूर-संपादकातच उघडतो. एक्सेल वापरावेच लागले, तर डेटा आयात करताना प्रत्येक कॉलम ‘मजकूर’ म्हणून निवडतो. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने काढून घेतो, म्हणजे अर्थाबद्दल शंका उरत नाही. दोन क्लिक वाचवण्यासाठी ही पायरी गाळणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही.

देवनागरी नावांच्या फायली असतील तर आणखी एक अडचण ठरलेलीच असते. लिनक्सवरील एक्स्ट-४ सारख्या फाइल प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे ‘क्षे’ या एका अक्षराला १२ बाइट लागतात. विंडोजवर विनातक्रार राहिलेले शंभर चिन्हांचे नाव तेथे बसत नाही. फोल्डरांच्या नावांसह संपूर्ण मार्गालाही मर्यादा असते: विंडोजवरील जुन्या प्रोग्रामांसाठी २६०, शेअरपॉइंट ऑनलाइनवर ४०० चिन्हे. म्हणून लांब नावे मी आधीच छाटतो आणि मूळ नाव सूचीतील वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो.

कोणाला काय दिसावे याचे हक्क फायलींबरोबर आपोआप येतील असे गृहीत धरू नये. फाइलचा निर्मिती-दिनांक कॉपी करताना बदलू शकतो, म्हणून तोही सूचीत नोंदवावा. दस्तऐवजांमधील जुन्या पत्त्यांच्या लिंक तुटतात. त्या आधी शोधून ठेवाव्यात.

चाचणीसाठी नीटनेटक्या फायली निवडणे मला मान्य नाही. मी पन्नास अवघड फायली घेतो: सर्वांत लांब नावाची, सर्वांत जुनी, सर्वांत मोठी, पासवर्ड असलेली, वीस आवृत्त्या असलेली. त्या सर्व सुखरूप पोहोचेपर्यंत मुख्य काम सुरू करत नाही. काम झाल्यावरही जुनी प्रणाली लगेच बंद करू देत नाही. तिच्यात नवे लिहिणे थांबवून ती केवळ वाचण्यासाठी, निदान एक वार्षिक तपासणी पार पडेपर्यंत चालू ठेवायला सांगतो.